काकणाच्या झाडाखालची हाडं

संपादकांनी कळवलं आहे की तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. माझ्या धंद्यात गमती नाहीत. मी पंचवीस वर्षं मेलेली पाखरं सोलली, त्यांत कापूस भरला, पायाला चिठ्ठ्या बांधल्या आणि ती मुंबईच्या एका संग्रहालयाला पाठवली. लोक भेटले की एकच विचारतात, "वाघ भरलात का हो कधी?" नाही भरला. अलिबागपासून मुरुडपर्यंतचा किनारा माझ्याकडे होता आणि तिथे वाघ मासे धरायला येत नाहीत. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो पानसुपारीकडे वळतो.

तर धंदा काय होता ते एकदाच सांगून टाकतो. पक्ष्याच्या पोटाला मधोमध चीर द्यायची आणि पायातला मोजा उलटा करून काढावा तसं कातडं काढायचं. कवटी आणि पंखापायांची हाडं तेवढी ठेवायची. आतून सोमलाचा, म्हणजे जहराचा, साबण चोळायचा, म्हणजे कीड लागत नाही. कापूस भरून शिवायचं आणि पक्षी पाठीवर निजवून वाळवायचा. काचेचे डोळे, फांदीवर बसवणं वगैरे थाट काचेच्या कपाटातल्या पाखरांचा. अभ्यासाच्या पाखराला फक्त चिठ्ठी लागते: कुठे मिळालं, केव्हा, नर की मादी, पोटात काय निघालं. कातडं थोडं फाटलं तरी चालतं, चिठ्ठी खोटी चालत नाही. हे मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

राहायला जागा कोणी देईना. सोमल आणि मेलेली पाखरं म्हटल्यावर कोण देईल? शेवटी रेवदंड्याला एका बंद वखारीची पडवी मिळाली. तिथेही गिऱ्हाइकं येत. पेणचे एक गृहस्थ मेलेला पोपट घेऊन आले. चोच उघडी ठेवा, म्हणजे बोलतोय असं वाटेल, म्हणाले. ठेवली. पंधरा दिवसांनी तोच पोपट घेऊन परत, की घरातली मुलं घाबरतात, चोच मिटून द्या. वाळलेली चोच मिटत नाही हे त्यांना पटवण्यात माझी अख्खी सकाळ गेली. जाताना म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही का?"

पण माझं डोकं सर्वांत जास्त फिरवलं ते काकणाने. काकण म्हणजे समुद्रावरचा गरुड. डोकं, मान, पोट शुभ्र, पाठ राखाडी, पंखांच्या कडा काळ्या. घारीहून चांगलाच मोठा, आणि मादी नराहून मोठी. पंख जरा वर उचलून गिरक्या घेऊ लागला की बघत राहावं. ओरडणं मात्र दिसण्याला शोभत नाही. बदकाच्या घशात काही अडकावं तसं कँक कँक, तेही नर आणि मादी मिळून, एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. जोडी एकदा जमली की वर्षानुवर्षं तीच, आणि घरटंही बहुधा तेच, समुद्राजवळच्या एखाद्या उंच आंब्यावर. पावसाळा सरला की जुन्या काटक्यांवर नव्या काटक्या रचतात आणि वर हिरवा पाला अंथरतात. दिवाळीच्या सुमाराला दोन पांढरी अंडी, दीडेक महिना उबवणं, आणि दोन पिल्लांतलं बहुधा एकच जगतं. शिमग्याच्या आसपास ते उडतं. हे पोर पुढे तीनचार वर्षं तपकिरीच असतं, त्यामुळे निम्मा किनारा त्याला दुसराच पक्षी समजतो. एक पेन्शनर मामलेदार या मुद्द्यावर माझ्याशी दुपारभर भांडले आणि निघताना म्हणाले की मी नोकरीत असतो तर तुम्हाला सरळ केलं असतं.

भांडण लागलं ते काकणाच्या जेवणावरून. खाडीतल्या मासळीचा मक्ता घेतलेल्या एका व्यापाऱ्याने वर अर्ज केला की हा पक्षी मासे पळवतो, त्याला अपायकारक ठरवून मारायला मोकळीक द्यावी. त्याच्याकडे नवी बंदूक होती, तिला काम हवं होतं, असं माझं मत. कचेरीने संग्रहालयाला विचारलं, संग्रहालयाच्या साहेबाने मला. काकण काय खातो?

काय खातो ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. धाकू म्हणून एक कोळी होता, त्याच्या होडीतून मी फिरत असे. त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. "साप खातो, दुसरा काय? समिंदरातला साप दम घ्यायला वर येतो कनी, तवा यो वरशी येऊन उचलतो. मासा बी खातो गावला तर. पन यो हाय म्हनून आमच्या जाल्यात साप कमी. त्याला मारतील त येडे हायेत."

मी हे साहेबाला लिहिलं. साहेबाचं उत्तर आलं की कोळ्यांच्या गप्पा पुरावा होत नाहीत, घरट्याखाली पडणारी हाडं हा पुरावा. मी लिहिलं, ठीक आहे, दर आठवड्याला हाडं गोळा करून तारीखवार पुड्या बांधतो. उत्तर आलं, कशालाही हात लावू नका. एका घरट्याखाली अख्ख्या हंगामाची हाडं जिथल्या तिथे पडू द्या, माघात मी स्वतः येऊन पाहीन आणि फोटो काढीन. मुंबईत खुर्चीवर बसून हे लिहायला सोपं आहे. किनाऱ्यावर कुत्री आहेत, कावळे आहेत, आणि माणसं आहेत.

माझ्या माहितीतलं सर्वांत सोयीचं घरटं एका वाडीत होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरची माणसं अजून तिथे नांदताहेत. नारळी-पोफळीची वाडी, मध्ये कौलारू घर, आणि अंगणाच्या कडेला पुरातन आंबा. त्यावर काकणाची जोडी वीसेक वर्षं राहत होती. घराचे मालक अण्णा. साहेब आपल्या अंगणात येणार म्हटल्यावर त्यांची छाती फुगली, हो म्हणून मोकळे झाले. पण अंगण अण्णांचं नव्हतं, ते काकूंचं होतं.

काकूंच्या बाजूनेही सांगायला हवं. रोज पहाटे झाडलोट, सडा, रांगोळी, आणि तासाभरात वरून सापाचं धूड पडणार. तुळशीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटावर सापाची शेपटी पडली होती. वासाची तर गोष्टच सोडा. अशा बाईला मी जाऊन सांगितलं की चार महिने आंब्याखाली झाडू नका.

"झाडू नको?" काकू म्हणाल्या. "भाऊ, तुम्हाला बरं आहे ना?"

"काकू, पुरावा आहे तो. आंब्याखाली दहा हात. बाकी अंगण झाडा की."

"दहा हातांत माझी तुळस येते."

तुळशीपर्यंत नको, तिच्या अलीकडे, अशी घासाघीस होऊन शेवटी मी सुंभाची दोरी बांधली. दोरीच्या आत काकूंनी पाऊल टाकायचं नाही. कुत्र्यांसाठी काटेरी झुडपं लावली. पंधरा दिवसांनी मी फेरी मारायचो. दर वेळी काकू दोरीच्या बाहेर केरसुणी घेऊन उभ्या. "किती दिवस राहिले?" एवढंच विचारायच्या.

हाडं मात्र बघण्यासारखी जमत होती. सापाचा मणका आणि माशाचा मणका ओळखणं अगदी सोपं आहे. माशाचा दोन्हीकडून खोलगट असतो. सापाच्या मणक्याला एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला वाटी असते, एकाची गोळी दुसऱ्याच्या वाटीत बसते. दोरीच्या आत पांढरा सडा पडला होता आणि जिकडे बघावं तिकडे गोळी आणि वाटी. मासा अगदी कुठेतरी. वर घरट्यात पिल्लू मोठं होत होतं. मक्तेदाराच्या बंदुकीला या वर्षी काम मिळत नाही, असं मी धाकूला सांगूनही टाकलं.

माघात साहेबाची तार आली की शुक्रवारी येतो. मी तेव्हा मुरुडला दुसऱ्या एका घरट्याच्या कामात होतो. बुधवारी दुपारी वाडीत पोचलो आणि फाटकातच थांबलो. अंगण आरशासारखं. दोरी गुंडाळून खुंटीला टांगलेली. आंब्याच्या बुंध्यापर्यंत शेणाने सारवलेलं, आणि बरोबर घरट्याखाली सुरेख मोठी रांगोळी.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. काकू पडवीत उभ्या राहून ऐकत होत्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "यमूला बघायला आली होती काल पालीची मंडळी. सोमवारी निरोप आला, मंगळवारी येतो म्हणून. मी काय करायचं होतं?"

यमू त्यांची मोठी मुलगी. दोन स्थळं येऊन परत गेली होती, त्यातल्या दुसऱ्यांनी तर तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या घरात कसला तरी वास येतो. घरात मासा शिरत नव्हता आणि वास माशाचा, म्हणजे बघा. यमू तेव्हापासून पाहुणे म्हटलं की न्हाणीघरात जाऊन रडत बसायची.

"पसंत पडली," काकू म्हणाल्या. "साखरपुड्याची बोलणी झाली इथेच, या अंगणात." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. मी विचारलं, "हाडं कुठे आहेत?"

हाडं माडांच्या आळ्यांत होती. टाकून कशाला द्यायची, खत होईल, म्हणून काकूंनी गड्याकडून चार माडांच्या बुंध्याशी पसरून वर माती ओढली होती. म्हणजे सगळं शाबूत होतं. मला हायसं वाटलं. दोन गडी लावून गुरुवारी दिवसभर मी ती आळी उपसली आणि माती चाळणीने चाळली. संध्याकाळी चटईवर ढीग पडला तो माझ्या आठवणीतल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. आणि त्यात मासाच मासा.

कोकणातल्या वाडीवाल्यांना आता कळलं असेल, मला संध्याकाळी कळलं. माडाला मासळीचं खत घालतात. त्या घरात मासा उंबऱ्याच्या आत येत नव्हता, पण माडांना कोळीवाड्यातून दर वर्षी पाट्या भरभरून येत होता. त्या आळ्यांत वर्षानुवर्षांचे काटे होते. काकणाने खाल्लेला साप आणि माडाने खाल्लेला मासा मी माझ्या हाताने एकत्र चाळून ठेवला होता.

तेव्हा सरळ वाट एकच होती. साहेबाला सांगायचं, नमुना बिघडला, पुढच्या हंगामात पुन्हा जमवू. पण साहेबाने दोनच महिन्यांपूर्वी एका कारकुनाला याहून लहान चुकीवरून घरी पाठवलं होतं. शिवाय मी चार महिने 'सर्व ठीक' अशी पत्रं पाठवत आलो होतो. मी मनाशी म्हटलं, साहेब जाणता आहे, जुनी मळकट हाडं आणि नवी पांढरी हाडं त्याला वेगळी ओळखू येतील. उजाडल्यावर मी रांगोळी पुसली, सारवण खरवडलं आणि तो सगळा ढीग आंब्याखाली पसरून दिला. दोरीसुद्धा पुन्हा बांधली.

साहेब आला, खूश झाला. कॅमेरा तीन पायांवर उभा करून फोटो काढले. मग गुडघ्यांवर बसून पिशव्या भरू लागला. मणके बोटांत धरून बघायचा आणि पुटपुटायचा, मासा, मासा, साप, मासा. मी शेजारी उभा होतो. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याने एकदाही बघितलं नाही.

अण्णा बाहेर खुर्चीवर कोट घालून बसले होते. काकू रिवाजाप्रमाणे दाराआड होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "भाऊ, त्यांना सांगा हो, ते माशांचे काटे आमच्या माडांच्या खतातले आहेत. पाखराचे नाहीत. पाखरू सापच टाकतं, मी वीस वर्षं उचलतेय."

साहेबाने वर बघितलं. बाई काय म्हणतात, असं त्याने मला इंग्रजीत विचारलं.

मला काकूंचा विलक्षण राग आला होता. चार महिन्यांचं काम हिनं एका सकाळीत सारवून टाकलं, आणि आता साहेबासमोर माझी अब्रू काढायला निघाली आहे. मी म्हणालो, "बाई विचारताहेत, शहाळं घेणार का?"

साहेब उभा राहिला, टोपी काढली, दाराकडे वळून मान लववली आणि हसून थँक यू म्हणाला. आतून बांगड्या वाजल्या. काकूंना बरं वाटलं असावं. मग शहाळी आली.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबाने लिहिलं की काकणाचं मुख्य खाणं मासे, जोडीला साप. पावसाळ्याआधीच काकण अपायकारक पक्ष्यांत गेला. मी साहेबाला एक पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, ते टपालात टाकलं नाही. दर वेळी वाटायचं, अजून वेळ आहे, काकण पावसाळ्यानंतर घरट्यावर येतो, तोवर बघू. मी पाखरांचा जाणकार, म्हणून मला वेळ किती आहे ते अचूक ठाऊक होतं.

दिवाळीनंतर मक्तेदाराने आंब्याखाली उभं राहून मादी पाडली. ती अंड्यांवर होती. नरावर त्याला नेम धरता आला नाही. अण्णांनी वाडीत बंदूक येऊ कशी दिली असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, सरकारचा हुकूम आहे म्हणाला तो, मी काय करणार. ती मादी काचेच्या कपाटात ठेवायला संग्रहालयाला भेट म्हणून द्यायची मक्तेदाराला हौस आली. ती पाटीत घालून त्याने माझ्या वखारीत पाठवली.

मी ती सोलली. पोट उघडलं. आत साप होता, अर्धा पचलेला. दुसरं काही नव्हतं. मी चिठ्ठीवर तसं लिहिलं आणि साहेबाला वेगळं पत्रही टाकलं. उत्तर आलं की एका पोटावरून नियम ठरत नाही, कातडं मात्र उत्तम निघालं आहे. कातडं खरोखरच उत्तम निघालं होतं, काचेचे डोळे मीच बसवले.

त्यानंतर एकदा वाडीत गेलो. गेल्याशिवाय राहवेना. धाकूने होडीतून उतरवताना सांगितलं, "नर आठ दीस एकलाच वरडत व्हता वाडीवर. मंग गेला कुठं तरी." अण्णा बाजारात गेले होते. काकू पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. यमूचं लग्न होऊन ती पालीला गेली होती, बरी होती. आंब्याकडे बघायचं मी टाळत होतो. काकूंनीच विषय काढला.

"मेल्याने अंड्यावरनं उठवून मारली हो तिला," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या आधीपासून होती इथे. मी शिव्या दिल्या असतील रोज, पण असं मरण नको होतं तिला." पदराने डोळे पुसले. मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "आणि तो तुमचा साहेब. मी आडून स्पष्ट सांगितलं होतं, काटे आमच्या खताचे आहेत म्हणून. टोपी काढली, हसला, मान हलवली. सगळं ऐकून घेऊन असं लिहायचं? बाईमाणूस म्हणून सोडून दिलं असेल." सुपारी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नीट सांगितलंत ना त्याला, भाऊ?"

"सांगितलं, काकू," मी म्हणालो.

"मग तुमचा काय दोष," काकू म्हणाल्या. "चला, हातपाय धुवा. पान वाढते."

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.